सोयाबीन आणि गंजलेला खिळा

नोटीस बोर्डाचा खिळा मी उपटला, हे खरं आहे. रहिवासी संघाच्या बैठकीतही मी ते नाकारलं नाही. पण आमच्या वसाहतीत आता ही गोष्ट अशी सांगितली जाते की तिसऱ्या मजल्यावरच्या सेगावांना निवृत्तीनंतर काहीतरी झालं आणि ते पक्कड घेऊन जिन्यात फिरायला लागले. म्हणून खिळा का उपटला ते एकदा नीट सांगून टाकतो. खिळा मला स्वयंपाकासाठी हवा होता.

डिसेंबर संपत आला की आमच्याकडे घरोघरी बायका चुलीपुढे उभ्या राहतात आणि नव्या वर्षाचे पदार्थ करून लाखेच्या तीन मजली डब्यात रचून ठेवतात. हेतू असा, की वर्षाचे पहिले काही दिवस कुणाला स्वयंपाक करावा लागू नये. विश्रांतीसाठी आधी मरेस्तोवर राबायचं, हे गणित नक्की एखाद्या पुरुषाने बसवलं असणार, असं माझ्या बायकोचं म्हणजे फुमिएचं मत आहे. गेल्या वर्षी तिने जाहीर केलं की आता पुरे, यंदा डबा दुकानातून येईल. तिने जाहिरातीतला एक डबा पसंत केला, पैसे भरले आणि मला दाखवला. मी छान म्हणालो. बाथरूमच्या फरशा विकणाऱ्या कंपनीत उभा जन्म गेलेला माणूस मी, वाद घालणं माझ्या स्वभावातच नाही.

घोटाळा झाला तो वृद्धाश्रमात. माझी आई, किनुए, नव्वदीला टेकली आहे आणि गेलं वर्षभर तिथेच राहते. डोकं शाबूत आहे, दात स्वतःचे आहेत, फक्त जेवण सुटलं आहे. समोर पेज आली की चमचा कडेला ठेवते आणि खिडकीबाहेर बघत बसते. तिथल्या बायका म्हणतात, वयामुळे होतं असं. म्हणत असतील, पण मला ते बघवत नाही. त्या रविवारी आम्ही दोघं गेलो तर ती एकदम म्हणाली, "नव्या वर्षाला घरी नेणार ना मला? काळे सोयाबीन असतील ना?"

डबा दुकानातून येणार आहे, हे सांगायला फुमिएने तोंड उघडलं होतं. तेवढ्यात मी बोलून गेलो, "आई, यंदा सोयाबीन मी करणार आहे. स्वतः."

आई हसली. कित्येक महिन्यांत हसली नव्हती, ती तोंडाला पदर लावल्यासारखा हात लावून हसली. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनाही तिने सांगितलं, आमचा योशी सोयाबीन करणार म्हणे. त्या बाईही हसल्या. झालं, आता मागे फिरायची सोय उरली नाही.

घरी आल्यावर तिने दुकानाला फोन करून डबा रद्द केला, ॲप्रन काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "छान. स्वयंपाकघर तुमचं." मग ती खालून ऊब देणाऱ्या बुटक्या मेजाच्या पांघरुणात पाय घालून संत्री सोलायला बसली, ती जवळपास वर्ष संपेपर्यंत तिथेच होती.

आईला एका दिवसासाठी घरी आणायचं तर वृद्धाश्रमाची परवानगी लागते. तिथल्या मुलीने अतिशय गोड आवाजात मला विचारलं की आजींना काय काय खायला घालणार. मी यादी सांगितली. मोची, म्हणजे चिकट तांदळाचा गोळा, तर नावालाही नको, ती म्हणाली, घशात अडकतो. बाकी जे काही असेल ते जिभेने टाळूवर दाबलं की फुटलं पाहिजे. मी म्हटलं, फुटेल. तिने विचारलं, नक्की? मी म्हटलं, मी स्वतः करणार आहे. त्यावर तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी मनावर घेतली नाही.

आता काळे सोयाबीन म्हणजे काय मोठं, असं मलाही वाटत होतं. रात्री साखरेच्या पाण्यात भिजत घालायचे, सकाळी मंद आचेवर ठेवायचे, संध्याकाळी उतरवायचे. यात माणसाचं काम काय, काम करते ती शेगडी. हे मी समोरच्या ओत्सुबोबाईंना जिन्यात बोललो, ती पहिली चूक. ओत्सुबोबाईंना मत नाही असा विषय या वसाहतीत अजून निघालेला नाही. त्या म्हणाल्या, एकाही दाण्यावर सुरकुती पडता कामा नये, पडली तर घराचं वर्ष वाईट जातं. दाणा सतत पाण्याखाली हवा. झाकण उघडायचं नाही. मध्येच गार होऊ द्यायचे नाहीत. आणि मग त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "खिळा आहे ना?"

मी म्हटलं, कसला खिळा?

ओत्सुबोबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पँट न घालता जिन्यात आलो आहे. सोयाबीन शिजताना पातेल्यात लोखंडी खिळा सोडतात, फडक्यात बांधून, म्हणजे रंग काळाभोर राहतो. नाहीतर दाणे जुन्या बुटांच्या रंगाचे होतात. आणि खिळा नवा नाही चालत, गंजलेलाच लागतो. हे सगळ्या जगाला माहीत होतं, फक्त मला नव्हतं. लग्न झाल्यापासून मी इतकी वर्षं जे काळेभोर, गुळगुळीत, आरशासारखे दाणे खात आलो त्यात खिळा उकळलेला होता, हे मला सहासष्टाव्या वर्षी कळलं.

खरं तर ते दाणे हा फुमिएचा मोठा मान होता. ती हिमेजीची, तिच्या माहेरी दाण्यावर केसाएवढी रेघ खपत नसे. दर नव्या वर्षाला आई त्यातला एक तोंडात टाकून म्हणायची, "दिसतात छान." आणि फुमिए वाकून आभार मानायची. मी आत जाऊन फुमिएला विचारलं, तुझा खिळा कुठे असतो? ती संत्र्यावरून नजर न उचलता म्हणाली, "होता. माझ्या आईने दिलेला. गेल्या वर्षी साफसफाईचा उत्साह आला होता ना तुम्हाला, तेव्हा धातूच्या कचऱ्यात गेला."

मी स्टेशनजवळच्या मोठ्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. खिळ्यांची एक अख्खी भिंत होती तिथे. ॲप्रन घातलेल्या एका प्रौढ विक्रेत्याला मी म्हटलं, गंजलेला खिळा हवा आहे. त्याचा चेहरा उतरला. "साहेब, आमच्याकडचा खिळा गंजला का?" मी म्हटलं, नाही, मला गंजलेला विकत हवा आहे. तो वाकून म्हणाला की असा माल त्यांच्याकडे ठेवला जात नाही, पण मला कुठे गंज आढळला तर ते लगेच बदलून देतील. सोयाबीनच्या पातेल्यात खिळ्याऐवजी सोडायला लोखंडाचं एक छोटं वांगंही मिळतं, ते मात्र केव्हाच संपलं होतं. मी निराश होऊन एक साधा खिळा उचलला आणि विचारलं, हा गंजायला किती दिवस लागतील? तो अभिमानाने म्हणाला, "कधीच नाही."

मग मी वसाहतीत दारोदार फिरलो. गंजलेला खिळा कुणाकडेच निघाला नाही, सल्ला मात्र सगळ्यांकडे होता. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी सांगितलं की खिळा ही अंधश्रद्धा आहे, सोडा घाला. त्यांच्या बायकोने आतून सांगितलं, सोडा घालू नका, साबणाची चव येते, यांनी एकदा घातला होता. तळमजल्यावर सांगितलं की लोखंडी कढईत करा. कढई आहे का म्हटलं तर म्हणाले, गंजली म्हणून टाकली. आणि नव्या वर्षाच्या तोंडावर आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं म्हणून प्रत्येकाने चार-चार संत्री दिली. मी पिशवीभर संत्री घेऊन जिन्याच्या तोंडाशी टेकलो. खिळा नव्हताच.

आणि तिथे, माझ्या डोळ्यांसमोर, रहिवासी संघाचा लाकडी नोटीस बोर्ड होता. त्याच्या वरच्या खिळ्यापासून गंजाचा एक ओघळ थेट खालपर्यंत आला होता. इतका सुंदर गंज मी आयुष्यात पाहिला नव्हता. माझ्या हिशेबाने बोर्डाला चार खिळे असणार, त्यातला एक गेला तर कुणाला कळतंय. संध्याकाळी बदली खिळा ठोकून टाकू, असंही मी मनात ठरवलं होतं, हे रेकॉर्डवर यावं. मी वर जाऊन पक्कड आणली, खिळा धरला आणि ओढला.

बोर्डाला चार खिळे होते, पण तीन नुसते नावाला होते. बोर्ड काचेसकट खाली आला. कचऱ्याचं वेळापत्रक, हरवलेल्या मांजराचं चित्र, आजींच्या कवायतीचा वर्ग, सगळं माझ्या पायाशी पडलं. आणि नेमकी त्याच वेळी वर्षअखेरची आगीची गस्त कोपऱ्यावरून वळली. लाकडाचे ठोकळे वाजवत, "आगीपासून सावध राहा" असं ओरडत चाललेले वसाहतीतले पाच म्हातारे, आणि सगळ्यात पुढे संघाचे अध्यक्ष नागुमोसाहेब. समोर मी, एका हातात पक्कड, एका हातात खिळा.

नागुमोसाहेब थांबले. "सेगावासाहेब, बोर्डात काही दोष होता का?"

"नाही, नाही. खिळा..."

"कुणाला लागला का?"

"सोयाबीनसाठी हवा होता," मी म्हणालो.

मागच्या एका म्हाताऱ्याने सवयीने ठोकळे वाजवले. मग नागुमोसाहेब माझ्यापुढे कमरेत वाकले आणि म्हणाले, "देखभालीत आमचीच कसूर झाली. क्षमा असावी." नागुमोसाहेब ओरडले असते तर मी वाचलो असतो. ते ज्याची क्षमा मागतात तो माणूस संपला, हे वसाहतीत सगळ्यांना ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तातडीची बैठक झाली. बोर्ड ही सामायिक मालमत्ता, हे वाचून दाखवण्यात आलं. सुट्टीतलं कचऱ्याचं वेळापत्रक लोकांना कळणं अत्यावश्यक, आणि नवा बोर्ड सुट्टीनंतरच बसणार. तेव्हा असं ठरलं की ते वेळापत्रक मी घरोघरी जाऊन तोंडी सांगावं. शिक्षा हा शब्द कुणी काढला नाही, उलट सगळ्यांनी माझे आगाऊ आभार मानले. आता एवढं करून दारात जायचं तर नुसतं तोंड घेऊन कसं जाणार, म्हणून मी तांदळाच्या बिस्किटांचे डबे आणले. प्रत्येक दारात वाकायचं, डबा द्यायचा, क्षमा मागायची आणि मग सांगायचं की ओला कचरा चार तारखेपर्यंत नाही.

खिळा मात्र मी परत केला नव्हता. बोर्डच उरला नाही तर तो ठोकणार कुठे? तो मी घासून, फडक्यात बांधून पातेल्यात सोडला होता. निघताना मी फुमिएला म्हटलं, जरा शेगडीकडे बघशील का. ती म्हणाली बघीन.

आमची शेगडी शहाणी आहे. बराच वेळ कुणी हात लावला नाही तर माणूस मेला असं समजून ती आपोआप बंद होते. मी खालच्या मजल्यांवर वाकत होतो तेव्हा ती पहिल्यांदा बंद झाली. मध्ये घरी येऊन मी ती पेटवली, झाकण उघडून पाहिलं, एक दाणा चाखला, झाकण लावलं आणि पुन्हा गेलो. शेवटचं दार ओत्सुबोबाईंचं होतं. त्यांनी क्षमा लगेच केली, पण नंतर नव्या बोर्डाचा रंग कोणता असावा यावर त्यांना बोलायचं होतं. मी परत आलो तेव्हा शेगडी पुन्हा बंद, पाणी आटलेलं, आणि दाणे उघडे पडून गार झालेले. मी घाबरून नळाचं थंड पाणी ओतलं. ते ओतायचं नसतं हे मला आता माहीत आहे.

"शेगडी बंद झाली होती," मी फुमिएला म्हणालो.

"हो, दोनदा," ती म्हणाली. "मी बघितलं ना."

मी पुन्हा शिजवले, रात्र होईपर्यंत शिजवत राहिलो. काळे झाले होते, त्यात वाद नाही, खिळ्याने आपलं काम केलं होतं. पण पातेल्यात एक दाणा असा नव्हता की ज्याच्यावर सुरकुत्या नाहीत. शिवाय आत कुठेतरी चिवट. फुमिए उठून आली, पातेल्यात डोकावली आणि म्हणाली की तिच्या माहेरी असे दाणे कुत्र्यालाही घालत नसत, आणि पुन्हा जाऊन बसली. बाकीच्या पदार्थांबद्दल थोडक्यात सांगतो. साखरेत परतायचे छोटे मासे जळले. गोड अंड्याची गुंडाळी गुंडाळली गेली नाही, तिचे तुकडे झाले. डब्याचा तिसरा मजला मी शेजाऱ्यांच्या संत्र्यांनी भरला.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी नव्याने करावं म्हटलं तर दुकानात काळे सोयाबीन नव्हते, तयार डबे संपले होते आणि रद्द केलेला आमचा डबा कुणीतरी कधीच नेला होता. मी ॲप्रन घालून स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून राहिलो. वसाहतीत माझं नाव गेलं त्याचं मला फारसं काही वाटत नव्हतं. मला भीती वाटत होती ती उद्याची. आई घरी येईल, माझ्या सोयाबीनची वाटी समोर येईल, आणि ती चमचा कडेला ठेवून आमच्याही खिडकीबाहेर बघत बसेल. ते मला सहन झालं नसतं.

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. एक तारखेला सकाळी टॅक्सीतून आईला चाकांच्या खुर्चीत उतरवलं आणि मी जिन्याकडे बघतच राहिलो. तेवढ्यात नवा कोट घालून नागुमोसाहेब समोर आले. त्यांनी नववर्षाच्या शुभेच्छा दिल्या, आईला पाहिलं आणि काही न विचारता खुर्चीची एक बाजू उचलली. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत आम्ही दोघं धापा टाकत होतो आणि आई वरून सांगत होती, डावीकडे, डावीकडे. आता एवढं केल्यावर त्यांना घरात बोलावून साके, म्हणजे तांदळाची दारू, न देणं शक्य नव्हतं. अशा रीतीने ज्या माणसाचा खिळा मी चोरला होता तो माझ्या मेजाशी येऊन बसला.

फुमिएने डब्यातले दाणे पाहून तोंड वाकडं केलं होतं, म्हणून निदान आईला तरी पातेल्यातले जरा मऊ मिळावेत असं मी ठरवलं आणि पळी घातली. पळीत दाण्यांबरोबर फडक्याची पुरचुंडी आली. ती वाटीच्या काठावर सुटली आणि खिळा टणकन मेजावर पडला. त्याच्यावर आता गंजाचा कणही नव्हता.

नागुमोसाहेबांनी तो बराच वेळ पाहिला. "हा आपलाच ना?"

"आपलाच," मी म्हणालो.

मी आईकडे वळलो आणि क्षमा मागायला सुरुवात केली. आठवडाभरात मला त्याचा चांगला सराव झाला होता. मी म्हटलं, आई, सुरकुत्या पडल्या आहेत, चिवटही झालेत, तू खाऊ नकोस, वृद्धाश्रमातल्या मुलीने सांगितलंय. आई ऐकतच नव्हती. तिने जेवायच्या काड्यांमध्ये एक दाणा धरून डोळ्यांजवळ नेला, फिरवून पाहिला आणि तोंडात टाकला. चावायला लागली. आम्ही तिघं तिच्या जबड्याकडे बघत होतो. तिने तो संपवला आणि दुसरा घेतला.

"योशी, हे तू केलंस?"

"मीच."

"माझ्या माहेरी, चिचिबूला, दाणा असाच असतो," आई म्हणाली. "सुरकुत्या पडेपर्यंत जगायचं म्हणून खातात तो. लग्न करून आले तेव्हापासून तुझ्या बाबांना मीच करून घालायचे. फुमिए आली, नंतर मिळालाच नाही." मग तिने फुमिएकडे पाहून प्रेमाने मान हलवली. "तुझे दिसायचे छान हो."

नागुमोसाहेबांनी साकेच्या पेल्यात डोकं घातलं. फुमिए कमरेत वाकली आणि म्हणाली, "बरं झालं आई, आज कळलं. आता दरवर्षी हेच करत जातील."

"करेल की," आई म्हणाली, आणि वाटी पुढे केली.

तिने पूर्ण वाटी खाल्ली. मला आनंद झाला, खूप झाला, रडू आलं तर साके लागली असं म्हणता यावं म्हणून मी एक घोट घेतला. पण बायकोकडे बघायची हिंमत झाली नाही. निघताना आईने थोडे दाणे रुमालात बांधून बाहीत लपवले, वृद्धाश्रमात बाहेरचं चालत नाही म्हणून. आणि नागुमोसाहेब निघताना दारात थांबले, घसा साफ केला आणि म्हणाले की खिळा सामायिक मालमत्ता आहे. मी तो कागदात गुंडाळून दोन्ही हातांनी परत केला.

जानेवारीत नवा बोर्ड बसला. ॲल्युमिनियमचा आहे, आणि त्याचे स्क्रू कधीही गंजणार नाहीत याची खात्री नागुमोसाहेबांनी जातीने करून घेतली. बोर्डाची वर्षभराची जबाबदारी एकमताने माझ्यावर आहे. फुमिए माझ्याशी बोलते, नाही असं नाही, पण मी स्वयंपाकघरात गेलो की म्हणते, "चिचिबूवाले आले."

आमच्या गॅलरीत एका वाटीत मिठाच्या पाण्यात त्या दुकानातला एक खिळा पडलेला आहे. रोज सकाळी मी पाणी बदलतो आणि उन्हात धरून बघतो. मे महिना उजाडला तरी तो चकचकीत आहे, दुकानदार खोटं बोलला नव्हता. दर रविवारी आई पेजेचा चमचा हातात धरून पहिलं हेच विचारते, खिळ्याचं काय झालं? मी सांगतो, अजून नाही गंजला.

"असू दे," ती म्हणते, "घाई करू नकोस. मी थांबते." आणि पेज खायला लागते.